पाण्याची ओढ आणि गव्हाचा दिवस

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत संस्थेचा पूर्वेतिहास, देणगीदारांचा ऋणनिर्देश आणि विद्यार्थ्यांचे यश यांच्या जोडीला एखादा शास्त्रीय लेखही असावा, अशी सूचना आली. विषय निवडताना आम्ही असे ठरविले की, आपल्या प्रत्येक घराचा ज्याच्याशी रोज संबंध येतो असेच काहीतरी घ्यावे. म्हणून गहू घेतला. बडोद्यातील आपली कुटुंबे मूळची कोकणातील असोत वा देशावरची. येथे तीन-चार पिढ्या राहिल्यावर ताटात भाताच्या बरोबरीने पोळी आली, आणि चैत्र-वैशाखात वर्षाचा गहू निवडून, त्याला एरंडेलाचा हात लावून कोठीत भरण्याची येथली रीतही आपण उचलली. काही कुटुंबांची आसपासच्या तालुक्यांत थोडीफार जमीनही आहे. तेव्हा गव्हाचे रोप दिवसभर काय करते, आणि पाण्याची ओढ लागली म्हणजे त्याच्या दिनक्रमात नेमके काय बिघडते, हे समजून घेणे अस्थानी होणार नाही.

पाणी न मिळाल्यास पीक बुडते, हे सांगावयास शास्त्र कशाला हवे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा 'छप्पनियो' दुष्काळ गुजरातेत अजून बोलण्यात येतो. १८९१ च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. १९०१ च्या खानेसुमारीत ती साडेएकोणीस लाखांवर आली. या तुटीत रोगराईचा व स्थलांतराचाही वाटा होता, परंतु अनर्थाचे मूळ आभाळात होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांचे लक्ष त्यापूर्वीच शेतकीच्या शिक्षणाकडे गेलेले होते. खासेराव जाधव यांना शेतकीच्या अभ्यासासाठी त्यांनी विलायतेस धाडले, आणि १८८९ मध्ये टॉमस मिडल्टन हे बडोदे कॉलेजात शेतकीचे प्राध्यापक म्हणून आले. पुढे हेच मिडल्टन केंब्रिज येथे शेतकीचे प्राध्यापक झाले.

स्वातंत्र्यानंतर 'पीक बुडते ते कसे' या प्रश्नाचा बारकाईने शोध घेणारे अभ्यासक आपल्या जवळच, अहमदाबादेस होते. गुजरात विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ जे. जे. चिनॉय यांनी गव्हाच्या सात प्रजातींतील आठ वाणांवर केलेला अभ्यास १९६० साली प्रसिद्ध झाला. रोप वाढीच्या कोणत्या अवस्थेत कोमेजले म्हणजे ते कितपत तग धरते, हा त्याचा विषय होता. त्याच सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत आर. डी. आसाना व त्यांचे सहकारी हे गव्हाचा दाणा भरण्याचा वेग, हिरव्या पानांचा विस्तार आणि जमिनीतील ओल यांचा परस्परसंबंध तपासत होते. या व नंतरच्या संशोधनातून जे निष्पन्न झाले त्याचे सार थोडक्यात असे: ओढ लागली की रोप प्रथम पान गमावीत नाही, उंचीही गमावीत नाही, ते प्रथम आपल्या कामाचे तास गमावते. ही गोष्ट नीट कळावी म्हणून आधी पोटभर पाणी मिळालेल्या रोपाचा दिवस पाहू.

भरल्या शेतातील दिवस

गव्हाच्या पानाच्या दोन्ही अंगांना डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंस दोन पेशी राखणदारासारख्या असतात, आणि गवताच्या कुळात त्यांचा आकार आखाड्यातील डंबेल्ससारखा असतो. या पेशी पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैल पडल्या की मिटते. रंध्र उघडले म्हणजे हवेतील कर्बवायू आत येतो आणि सूर्यप्रकाशाच्या साह्याने पान त्याची साखर बनविते. परंतु त्याच दारातून आतील पाण्याची वाफ बाहेर जाते. हवा घ्यावयाची तर पाणी द्यावयाचे, हा या व्यवहाराचा नियम. एक किलो सुके द्रव्य तयार करण्यासाठी गव्हाच्या रोपातून सुमारे पाचशे किलो पाणी वाफ होऊन जाते, असे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ब्रिग्ज व शान्ट्झ या शास्त्रज्ञांनी मोजून दाखविले होते. हवामानाप्रमाणे हा आकडा कमीजास्त होतो, पण व्यवहार किती महाग आहे याची त्यावरून कल्पना यावी.

डिसेंबरच्या अखेरीस बडोद्यात दिनमान सुमारे पावणेअकरा तासांचे असते. सूर्य उगवताच रंध्रे उघडू लागतात. सकाळी हवेत गारवा व दमटपणा असतो, त्यामुळे थोडे पाणी खर्चून पुष्कळ साखर पदरात पडते. ही रोपाची सर्वांत किफायतीची वेळ होय. ऊन चढत जाते तसे काम वाढते व मध्यान्हाच्या सुमारास ते कळसास पोचते. ऊन फारच कडक असेल तर भरल्या शेतातही दुपारी रंध्रे थोडी आवळली जातात. मात्र तिसऱ्या प्रहरी ती पुन्हा सैलावतात आणि दिवेलागणीपर्यंत काम चालू राहते.

वाफ जाण्याचा एक फायदाही आहे. उन्हाळ्यात माठाच्या अंगावरून पाणी झिरपून वाळते व त्यामुळे आतले पाणी गार राहते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. तीच युक्ती पानाची. रंध्रांतून वाफ जात असते तोवर पान भोवतालच्या हवेहूनही गार राहू शकते.

सूर्यास्तानंतर रंध्रे मिटतात, पण रोप झोपत नाही. दिवसा पाण्याचा खर्च मुळांच्या पुरवठ्यापेक्षा अधिक झालेला असतो. ही तूट मुळे रात्रभर पाणी ओढून भरून काढतात. दिवसा किंचित आकसलेली पाने व खोड पुन्हा ताठरतात. दिवसाची साखर वाढत्या शेंड्याकडे, मुळांकडे आणि पुढे ओंबी आल्यावर दाण्याकडे जात असते. जमिनीत भरपूर ओल असली तर पहाटेपर्यंत मुळांचा दाब एवढा वाढतो की, पानाच्या टोकावर पाण्याचा एकेक टपोरा थेंब येऊन बसतो. आपण त्याला दव समजतो. पण दव हवेतून उतरते व पानभर पसरते, हा थेंब आतून येतो व टोकाशीच थांबतो. यास बिंदुस्राव म्हणतात. नवरात्रात घटाभोवती मातीत पेरलेल्या गव्हाच्या कोवळ्या पात्यांच्या टोकांवर सकाळी जे थेंब दिसतात, ते हेच. रात्रीची तूट पुरती भरून निघाली, याची ती जणू पोचपावती होय.

ओढ लागते तेव्हा

आता पाणी तुटलेल्या शेताकडे वळू. पहिला फरक पडतो तो पहाटे. जमिनीतील ओल कमी झाल्यामुळे मुळांना रात्रभरात दिवसाची तूट भरून काढता येत नाही. पानांच्या टोकांवरचे थेंब दिसेनासे होतात. शेत अद्याप हिरवेगार असते, बांधावरून पाहणाऱ्यास काहीच उणे वाटत नाही. पण रोपाचा दिवस कालची उधारी घेऊनच उजाडतो.

दुसरा फरक रंध्रांत. रोप कोरडे पडू लागले की त्यात ॲब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य वाढते. १९६० नंतरच्या दशकात कपाशीच्या कोवळ्या बोंडांत ते प्रथम हाती लागले. १९६९ साली इंग्लंडात राइट यांनी दाखवून दिले की, गव्हाचे तोडलेले पान थोडे कोमेजू दिले तर थोड्याच तासांत त्यातील हे द्रव्य अनेक पटींनी वाढते. या द्रव्याचा निरोप मिळताच राखणदार पेशी सैल पडतात व दार मिटते. म्हणून ओढ लागलेल्या रोपाचे काम सकाळच्या पहिल्या काही तासांतच कळसास पोचते आणि नऊ-दहाच्या सुमारास उतरू लागते. दुपारी ते जवळजवळ ठप्प होते. ओढ थोडी असेल तर तिसऱ्या प्रहरी थोडी हालचाल होते. कडक असेल तर तेवढीही होत नाही. दिनमान तेच, ऊन तेच, पण कमाईचा दिवस सकाळपुरता उरतो.

दार मिटल्यामुळे पाणी वाचते, पण दोन नवी संकटे उभी राहतात. पहिले उष्णतेचे. वाफ थांबली की माठाची युक्ती बंद पडते आणि पान तापू लागते. दुसरे संकट प्रकाशाचे. ऊन तर पानावर पडतच असते, आणि कर्बवायूवाचून त्याचा उपयोग करता येत नाही. हा वापरला न गेलेला प्रकाश पानात प्राणवायूची घातक रूपे निर्माण करितो व त्यांनी पेशींची हानी होते. त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या द्रव्यांत ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आवळ्यातील 'क' जीवनसत्त्व, हे प्रमुख आहे. चिनॉय यांनी वनस्पतींतील याच द्रव्याच्या अभ्यासात अनेक वर्षे वेचली होती, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. याशिवाय रोप आणखी एक उपाय करिते. ते पान लांबीच्या दिशेने आतल्या अंगाला गुंडाळून घेते, जेणेकरून उन्हाला तोंड देणारा भाग कमी व्हावा. दुपारी शेत विरळ व काटकुळे दिसू लागते ते यामुळे.

तिसरा फरक रात्रीचा. पेशींना पाण्याचा ताठा असल्याखेरीज पान लांबत नाही. ओढीत तो ताठा दिवसा मिळत नाही, म्हणून वाढ बव्हंशी रात्रीच्या व पहाटेच्या तासांवर येते. त्यातही रात्र उबदार असली तर श्वसन वाढते आणि सकाळी कमावलेल्या साखरेतील मोठा भाग तेथेच खर्च होतो. थंडीच्या दिवसांत गव्हाला रात्र गार हवी असे शेतकरी म्हणतात, त्यात हेच तथ्य आहे. शेवटी दाणा भरण्याच्या वेळी रोजची कमाई पुरेनाशी झाली की रोप खोडातील शिल्लक मोडते. चांगल्या दिवसांत गव्हाच्या खोडात साखरेचा साठा झालेला असतो; तो आता ओंबीकडे धाडला जातो. सुकाळात दाण्याच्या वजनात या साठ्याचा वाटा लहान असतो, दुष्काळात तो पुष्कळ वाढतो.

आतले घड्याळ

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. रंध्रांचे उघडणे-मिटणे केवळ ऊन व पाणी यांवर चालते, की रोपाला वेळेचे स्वतःचेही काही भान असते? १७२९ साली फ्रान्समध्ये द मेराँ याने लाजाळूचे झाड अंधारात ठेवून पाहिले, तेव्हा सूर्य न दिसताही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. आपल्याकडे आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींच्या अशा हालचाली स्वतः घडविलेल्या नाजूक यंत्रांनी नोंदविल्या. सजीवांच्या पेशींत सुमारे चोवीस तासांचे घड्याळ चालविणारी जनुके असतात, हे पुढे सिद्ध झाले. फळमाशीवरील अशा संशोधनाला २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गव्हातही असे घड्याळ आहे. त्यामुळेच पहाट होण्याआधीपासून पान उजेडाची तयारी करू लागते.

याच घड्याळाच्या कुळातील एक जनुक दिनमानाची दखल घेते व फुलोरा केव्हा यावा हे ठरविण्यास मदत करिते. त्याचे एक बदललेले रूप असलेला गहू दिवसाच्या लांबीसाठी खोळंबत नाही. मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी वर्षातून दोनदा, दोन भिन्न अक्षांशांवर पेरून जे बुटके वाण निवडले, त्यांत हा गुण आला. १९६६ साली आपल्या देशाने अशा वाणांचे १८ हजार टन बियाणे आणले, तेव्हा दूरदेशीचा गहू आपल्या आखूड दिवसांतही वेळेवर ओंबीवर आला, त्याचे एक कारण हे होते.

ओढ लागली म्हणजे हे घड्याळ बंद पडत नाही. ते चालूच राहते. घड्याळाप्रमाणे व्हावयाची कामे मात्र आखडतात किंवा पुढेमागे सरकतात. इतर काही वनस्पतींवरील प्रयोगांत असेही आढळले आहे की, ॲब्सिसिक आम्लाच्या निरोपाला रंध्रे सकाळपेक्षा दुपारनंतर अधिक तत्परतेने दाद देतात. पाणी स्वस्तात खर्च होते ती सकाळ राखावी आणि महागडी दुपार सोडून द्यावी, अशी ही व्यवस्था आहे.

भालचा गहू

या व्यवस्थेचे उत्तम उदाहरण आपल्या कोठीतच असते. खंबायतच्या आखातालगतचा भाल प्रदेश पावसाळ्यात पाण्याखाली जातो. पाणी ओसरल्यावर तेथील काळ्या चिकण जमिनीत जी ओल उरते, केवळ तिच्यावर गहू पेरतात. पुढे त्याला वरचे पाणी देत नाहीत. हाच भालिया किंवा दाऊदखानी गहू. २०११ साली त्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला. जमिनीतील ओल महिन्या-महिन्याने खाली उतरत जाते, तशी मुळेही तिच्यामागे खोल जातात. उत्पन्न बेताचे येते, पण दाणा कठीण, तकतकीत व प्रथिनयुक्त असतो. वाणाचा गुण त्यात आहेच, पण पाण्याच्या ओढीचाही हात आहे. कारण ओढीत दाण्यामध्ये पिष्ट भरण्याचे काम जेवढे मंदावते, तेवढे प्रथिने साठण्याचे मंदावत नाही. त्याचा रवा लाडवाला, शिऱ्याला वा लापशीला घरोघर पसंत पडतो.

तथापि यावरून ओढ ही चांगलीच गोष्ट, असा समज कोणी करून घेऊ नये. भालचा गहू पिढ्यान्‌पिढ्या त्या परिस्थितीत निवडला गेला आहे. बागायती वाण अशा जमिनीत पेरला तर दाणा सुरकुततो आणि पोते हलके भरते.

एकच पाणी असेल तर

नर्मदेचे पाणी कालव्यांनी आता गुजरातेत दूरवर गेले आहे, तरी प्रत्येक शेताला मनाजोगे पाणी मिळते असे नाही. महाराष्ट्रात तर बहुतेकांना मोजक्याच पाळ्या मिळतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची शिफारस आपल्या शेतकरी सभासदांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाण्याची एकच पाळी मिळत असेल तर ती पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी द्यावी. दोन मिळत असतील तर पहिली २० ते २२ दिवसांनी व दुसरी ६० ते ६५ दिवसांनी. तीन मिळत असतील तर २० ते २२, ४० ते ४२ व ६० ते ६५ दिवसांनी. विसाव्या दिवसाच्या सुमारास मुकुटमुळे फुटतात, चाळिसाव्याच्या सुमारास पीक कांडी धरू लागते आणि साठाव्यानंतर फुलोरा व चीक भरण्याची वेळ येते. या वेळी गमावलेले तास पुढे कितीही पाणी दिले तरी परत येत नाहीत. कारण फुटव्यांची व दाण्यांची संख्या तेव्हाच ठरून गेलेली असते. अपुऱ्या पाण्यासाठी 'नेत्रावती' व 'पंचवटी' यांसारखे वाण निफाडच्या गहू संशोधन केंद्राने तयार केले आहेत, त्यांचाही विचार करावा.

ओंबी बाहेर पडल्यावर दाण्याची मुख्य भिस्त सर्वांत वरच्या पानावर असते. ते पान फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात काम करीत असते. २०२२ चा मार्च महिना देशात विक्रमी उष्णतेचा गेला, अनेक ठिकाणी दाणा बारीक राहिला, आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. एका पानाचे थोडे तास गेले म्हणजे कोठवर परिणाम पोचतो, हे त्या वर्षी सर्वांनी पाहिले. असे मार्च पुढे वारंवार येतील, असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात.

मग ओढ लागली हे ओळखावे कसे? पुष्कळ जण दुपारी शेतावर जातात व पाने गुंडाळलेली पाहून घाबरतात. दुसरे काही पाने पिवळी पडेपर्यंत थांबतात. दोघांचीही वेळ चुकते. कडक उन्हात भरल्या शेतातील पानही थोडे मलूल दिसू शकते, आणि पान पिवळे पडते तोवर कितीतरी दिवसांची कमाई बुडालेली असते. शेत पाहावे ते पहाटे. पाने सपाट व ताठ असली आणि टोकांवर थेंब असले तर चिंता नाही. थेंब नाहीसे झाले तर पाळीची तजवीज करावी. मात्र फार कोरड्या वाऱ्याच्या रात्री थेंब एरवीही दिसत नाहीत, म्हणून दोन-चार दिवस ओळीने पाहावे व जमीन उकरून ओल तपासावी. सूर्योदयालाही पान गुंडाळलेलेच राहिले, तर मात्र दिरंगाई करू नये.

ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी मुलांकडून एक सोपा प्रयोग करवून घ्यावा. दिवाळीनंतर दोन कुंड्यांत मूठ-मूठ गहू पेरावा. रोपे वीतभर झाली की एका कुंडीस रोज पाणी द्यावे व दुसरीचे बंद करावे. सकाळी सहाला, दुपारी एकला व सायंकाळी पाचला दोन्हींची पाने पाहून वहीत टिपण करावे. दुसऱ्या कुंडीतील थेंब प्रथम जातील. मग दुपारची पाने गुंडाळतील व संध्याकाळी सुटतील. पुढे संध्याकाळीही सुटणार नाहीत. आणि एके दिवशी पहाटेही ती मिटलेली दिसतील. त्याच दिवशी पाणी घालावे, म्हणजे बहुधा रोपे सावरतील. याहून दोन-चार दिवस उशीर केला तर काय होते, हे एखाद्या धीट मुलाने तिसरी कुंडी ठेवून पाहण्यास हरकत नाही.

आपली संस्था गेली अनेक वर्षे गरजू विद्यार्थ्यांना व कुटुंबांना यथाशक्ति साह्य करीत आली आहे. ज्याचे हाल उघड दिसतात त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु वरून सर्व ठीक असून ज्याची रात्रीची तूट सकाळपर्यंत भरत नाही, अशा घराची चौकशी वेळेवर झाली तर थोडक्या साह्यानेही काम होते. शेतात काय किंवा समाजात काय, पाणी किती दिले याइतकेच ते केव्हा दिले यालाही महत्त्व असते. संस्थेच्या पुढील कार्यात हे सूत्र सभासदांनी ध्यानी ठेवावे, एवढीच या महोत्सवप्रसंगी आमची विनंती आहे.